भिंतीवर न मावलेलं वाक्य

ममता थूल डॉक्टर झाली तेव्हा नेरमधल्या त्यांच्या गल्लीत पेढे वाटले गेले. ती कशाची डॉक्टर होणार हे आधी कळलं असतं तर ते कोणाच्या घशाखाली उतरले नसते. पण कळेपर्यंत खाऊन झाले होते.

वडील एसटीत कंडक्टर. त्यांनी पोरीच्या नोकरीबद्दल कधी काही विचारलं नाही, कारण सरकारी आहे एवढं त्यांना पुरेसं होतं. आईला पुरेना.

"लोकाच्या पोरी बाळंतपनं करून राह्यल्या. तू काय करतं व?"

"तपासते."

"मंग औषध?"

"औषध नाही, माय. लिहून देते."

"कोनाले?"

"कोर्टाले."

"कोर्ट बिमार हाये का?" आईनं विचारलं होतं. ममताला याचं उत्तर चौदा वर्षांत सापडलं नाही.

ती या कामात पडली ती आवडीनं नव्हे. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात तिची नेमणूक झाली. तिथं चार डॉक्टर होते आणि त्यांत बाई ती एकटीच. अत्याचार झालेल्या बाईला तपासायला बाईच डॉक्टर लागते, अशी तिथं सगळ्यांची पक्की समजूत होती. कायदा तसं म्हणत नाही. बाईची संमती असेल तर कोणीही नोंदणी झालेला डॉक्टर तपासू शकतो, आणि डॉक्टरनं नाही म्हणणं हाच गुन्हा आहे. पण कायदा वाचायचा म्हणजे आधी उघडावा लागतो. पोलिसांची गाडी आवारात शिरली की बाकीच्या तिन्ही डॉक्टरांना एकाच वेळी जेवणाची आठवण येई. सकाळचे साडेनऊ असले तरी.

"थूल मॅडमला बोलवा," असं व्हरांड्यातून ओरडणं होई, आणि ज्या बाईला लपूनछपून आणलेलं असे तिच्याबद्दल बाकड्यावर बसलेल्या शंभर माणसांना सगळं कळून जाई.

तपासणीची खोली एक्स-रेच्या मागं होती. आधी तिथं पोलिओच्या मोहिमेची सामग्री ठेवत. ममतानं भांडून ती रिकामी करून घेतली, आतून कडी बसवली, पडदा लावला. वर्ध्याला सहा आठवडे प्रशिक्षण घेऊन आली आणि मग एकेक गोष्ट आपल्या हातानं बसवली. कपडे प्लास्टिकात घालायचे नाहीत, कुबट होतात. खाकी कागदात घालायचे. ओलं असेल ते सावलीत वाळवायचं. पाकिटावर लाख वितळवून पितळी शिक्का उमटवायचा आणि पाकीट पोलिसाच्या हाती देताना सही घ्यायची, कारण हवालदाराची आठवण दुसऱ्या दिवशी बदली होऊन जाते. प्रत्येक जागी हात लावण्याआधी विचारायचं. बाई नको म्हणाली तर थांबायचं. फॉर्मशी ती इंग्रजीत बोले, पोलिसांशी पुस्तकी मराठीत आणि टेबलावरच्या बाईशी वऱ्हाडीत. इंदूबाई सिस्टर म्हणत, "मॅडम, तुम्ही तीन बाया हाये. पगार मात्र एकीचाच भेटते."

फॉर्मवर एक रकाना होता: घटनेनंतर आंघोळ केली का? कपडे बदलले का? पहिल्या काही वर्षांत बहुतेक सगळ्या बायांचं उत्तर एकच येई. हो जी, केली. हो जी, बदलले.

एकदा ममताचा तोल गेला. मारेगावकडची एक बाई होती, दोन दिवसांत चार वेळा अंग धुऊन आलेली. "काहून धुतलं?" ममता जवळजवळ ओरडली. "सगळं वाहून गेलं ना."

ती बाई टेबलावर पडल्या पडल्या म्हणाली, "चुकलं बाई. माफी करा."

त्या दिवसभरात तिच्याकडे दुसऱ्या कोणी माफी मागितली नव्हती. ज्याच्याकडून यायला हवी होती तो बैलबाजारात गेला होता. ती मागितली तिनंच, तीही डॉक्टरकडे.

आंघोळ का करतात हे खरं म्हणजे ममताला कोणी समजावून सांगायला नको होतं. या भागात दवाखान्यात कोणी घाण अंगानं जात नाही. तापानं फणफणलेल्या माणसालासुद्धा आधी पाणी घालतात, धुतलेलं धोतर नेसवतात, मग गाडीत टाकतात. दवाखान्याच्या दारात पायाच्या चिखलावरून बोलणी खाल्लेली माणसं आहेत ती. आणि ममताच्या समाजात तर ते दुप्पट. छप्पन साली तिच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा जुनं बरंच काही घराबाहेर टाकलं आणि घरात काय आणलं, तर साबण. शाळेत लस टोचायला नर्स येणार म्हटलं की आई ममताचे दंड वजरीनं घासून लाल करी. नर्सनं हात चिमटीत धरू नये म्हणून.

तर अठरा साली ममतानं एक मोहीम काढली. आरोग्य खात्याच्या बैठकीत मांडली, आणि आश्चर्य म्हणजे ती मंजूर झाली. तालुक्यातल्या प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात मजकूर लिहायचा. मसुदा तिनं स्वतः केला. त्यात दोन वाक्यं होती. "अत्याचार झाल्यास आंघोळ करू नका, कपडे बदलू नका, लगेच दवाखान्यात या. आंघोळ केली असली तरी या."

वरच्या साहेबांनी चष्मा काढून मसुदा वाचला. "मॅडम, नका पण म्हणता, आणि केली तरी चालेल पण म्हणता. लोक गोंधळतात. संदेश ठाम पाहिजे."

डोमाजी पेंटर पत्र्याचा छापा कापायला बसले होते. त्यांची अडचण वेगळी होती. "बाई, पत्र्यात एवढंच मावते. दुसरं घातलं तं अक्षर बारीक होते. बारीक अक्षर वाचन कोन?"

ममतानं दोघांकडे पाहिलं. एक म्हणत होता ठाम नाही, एक म्हणत होता मावत नाही. तिला तासाभरात ओपीडी होती. तिनं दुसऱ्या वाक्यावर आडवी रेघ मारली आणि बाजूला सही केली, कारण सरकारी कागदावर खोडलं की सही करावी लागते.

दोनशे अकरा भिंती रंगल्या. पिवळ्यावर लाल. आणि मोहीम फुकट गेली असंही नाही. अंग न धुता दवाखान्यात येणाऱ्या बायांची संख्या खरंच वाढली, प्रयोगशाळेचे अहवाल भरून येऊ लागले आणि दोन प्रकरणांत शिक्षा झाली. पंधरा ऑगस्टला ममताला स्टेजवर शाल आणि प्रमाणपत्र मिळालं. तिच्या आईनं ती शाल वर्षभर लोकांना दाखवली. कशाबद्दल मिळाली हे मात्र सांगायचं टाळलं. "चांगल्या कामाबद्दल," एवढंच म्हणे.

एकवीस सालच्या ऑक्टोबरात, सोयाबीनच्या सोंगणीत, म्हणजे कापणीत, मथुराबाई आपल्या सुनेला घेऊन आली.

सुनेचं नाव इथं येणार नाही, कारण कायदा तसा आहे. गावात त्या कायद्याची प्रत पोचली नव्हती. ती सव्वीस वर्षांची, दहावी पास, मथुराबाईच्या संघदीपची बायको. सदाशिवरावांच्या वावरात सोंगणीला गेली होती. सदाशिवराव म्हणजे चाळीस एकर, सोयाबीन, तूर, कापूस आणि एके काळची सरपंचकी. त्यांचा मुलगा गोपाल मजुरांवर देखरेख करायला येई. त्यानं तिला पाण्याचा कॅन आणायला म्हणून विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीकडं पाठवलं आणि मागून स्वतः गेला.

मथुराबाई तपासणीच्या खोलीबाहेर चपला काढून उभी राहिली. सून मागं. तिनं पांढरी साडी नेसली होती, विहारात जाताना नेसतात ती. वेणी घट्ट घातलेली आणि केस ओले. ममतानं केस पाहिले आणि पेन खाली ठेवलं.

"मावशी, हिनं आंग धुतलं का?"

"धुतलं जी. मीच धुऊन देल्लं. दोन गुंड गरम पानी. शिकेकाई बी लावली." मथुराबाईच्या आवाजात काम नीट केल्याचं समाधान होतं.

"आन् कपडे?"

मथुराबाईनं पिशवी पुढं केली. आत साडी, परकर आणि ब्लाउज. घडी घातलेले, साबणाचा वास येणारे. "वाळले नव्हते तं चुलीजवळ धरले. बाही फाटली होती, ते टाके घालून देल्ले. फाटकं कसं द्याव सरकारात?"

इंदूबाई सिस्टर भिंतीकडं तोंड करून हातमोजे शोधू लागल्या. हातमोजे त्यांच्या हातातच होते.

"मावशी," त्या वळून म्हणाल्या, "तुमच्या अंगणवाडीच्या भीतीवर लिहेल हाये ना?"

"लिहेल हाये म्हणते. मले कुठं वाचता येते. हिनं सांगतलं जी मले. म्हणे, आई, तिथं लिहेल हाये, धुवू नको. मी म्हनलं, भीत काय म्हणते ते राहू दे. तशीच नेली असती अन् कोनी पाह्यलं असतं, तं म्हनले असते, हे लोकं असेच रायते."

ममतानं पेन पुन्हा उचललं. तिच्या आईनं हेच केलं असतं. शिकेकाईसुद्धा हीच वापरली असती.

सून टेबलावर शांत होती. हात लावू का म्हटलं की "लावा" म्हणे. एकदाच तिनं आपण होऊन विचारलं, "माह्यं नाव येईन का कुठं?"

"नाही. कायदा हाये तसा."

"गावात हाये का तो?"

"नाही," ममता म्हणाली, आणि ती बाई किंचित हसली. खोटं न सांगितल्याबद्दल असावं.

ममतानं तीन पानी अहवाल लिहिला. दोन्ही दंडांवर चार चार बोटांचे वळ, पट्टी धरून मोजलेले. पाठीवर मोटारीच्या खोलीतल्या खडबडीत भिंतीचं खरचटलेलं. ब्लाउजच्या उजव्या बाहीला नवी शिवण. मूळ दोरा लाल, नवा निळा. नमुने घेतले, काही मिळणार नाही हे माहीत असून घेतले. आणि शेवटी, अभिप्रायाच्या जागी, तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं की आंघोळ झाल्यामुळे नमुन्यांत काही न आढळणं शक्य आहे, पण त्यावरून घटना घडली नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

भिंतीवर न मावलेलं वाक्य इथं मावलं.

पुढं तीन वर्षं त्या प्रकरणात एवढंच उरलं. प्रयोगशाळेचा कागद चौदा महिन्यांनी आला: काही आढळले नाही. सोंगणीला सोबत असलेल्या अकरा बायांनी त्या दिवशी काही पाहिलं नव्हतं. पुढच्या वर्षीही सोंगणी त्याच वावरात होती. वळ आठ दिवसांत गेले, ते फक्त ममताच्या कागदावर राहिले. सरकारी वकिलानं तिला फोनवर स्पष्ट सांगितलं, "मॅडम, तुमची साक्ष टिकली तर केस आहे. नाही टिकली तर मग चहा घेऊ."

साक्ष चोवीस सालच्या एका सोमवारी लागली. कोर्ट दवाखान्यापासून साठ किलोमीटर. ममता सकाळच्या बसनं निघाली. निघण्याआधी तिघा डॉक्टरांना सांगितलं की मी आज नाही, साक्ष लांबली तर उद्याही नाही, कोणी आलं तर तपासा, फॉर्म टेबलावर आहेत. तिघांनी मान हलवली. मान हलवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

मथुराबाईची आणि सुनेची साक्ष आधीच्या तारखांना होऊन गेली होती. आरोपीचे वकील देवीलालजी. उंच, मऊ बोलणारे, साक्षीदाराला पाणी विचारणारे. त्यांनी सुनेला एवढंच विचारलं होतं की नळावर रोज जाता का, समोर अंगणवाडी आहे का, भिंतीवरचं वाचता येतं का.

"वाचलं होतं," ती म्हणाली होती.

"तरी आंघोळ केली?"

"आईनं पानी टाकलं. मी बसली होती."

"बसल्या होत्या. म्हणजे विरोध केला नाही."

पाण्याला विरोध केला नाही, हे टायपिस्टनं टाइप केलं.

मथुराबाईला त्यांनी विचारलं की सुनेला डॉक्टरकडं नेण्याआधी धुतलं का. ती म्हणाली, "साहेब, आमी लोकाच्या दारात घान जात नाही." देवीलालजींनी समाधानानं मान डोलावली. असली उत्तरं वकिलाला शिकवून मिळत नाहीत.

ममताची सरतपासणी सोमवारी चारपर्यंत चालली. अहवाल, वळ, पट्टी, शिक्का, सगळं जिथल्या तिथं. मग देवीलालजींना दुसऱ्या कोर्टात काम निघालं आणि उलटतपासणी मंगळवारवर गेली. ममता तिथंच एका नातेवाइकाकडं राहिली.

मंगळवारी देवीलालजींनी मोठा केलेला एक रंगीत फोटो पुढं ठेवला. पिवळ्यावर लाल.

"ओळखता मॅडम?"

"अंगणवाडीची भिंत आहे."

"वाक्य कोणाचं?"

"माझं."

"वाचून दाखवता? साहेबांना ऐकू येईल असं."

तिनं वाचलं.

"हे शास्त्राला धरून आहे?"

"आहे."

"चूक काही?"

"चूक नाही. अपुरं आहे."

"अपुरं." देवीलालजींनी शब्द तोंडात घोळवला. "याच अपुऱ्या वाक्यासाठी तुम्हाला शाल मिळाली?"

"हो."

"स्टेजवर सांगितलं होतं का, की हे अपुरं आहे?"

"नाही."

अशी सुनावणी बंद दारामागं चालावी असा कायदा आहे, पण दार उघडंच होतं; मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. गोपाल हसला नाही. तो शिकवल्याप्रमाणं खाली मान घालून बसला होता. सदाशिवराव त्याच्या शेजारी मोबाईलवर बाजारभाव पाहत होते.

"आता तुमचा रिपोर्ट. त्यात तुम्ही लिहिता, आंघोळीवरून निष्कर्ष काढू नये. आणि दोनशे भिंतींवर लिहिता, आंघोळ करू नका. एक बाई, दहावी पास, हे रोज वाचते. तिच्यावर खरंच काही ओढवलं असतं तर तिनं तुमचं ऐकलं असतं ना? गावानं विश्वास कोणावर ठेवायचा, मॅडम? तुमच्या भिंतीवर की तुमच्यावर?"

"दुसरं वाक्य होतं," ममता म्हणाली.

"कुठं?"

"मसुद्यात. 'आंघोळ केली असली तरी या.' असं होतं."

"मसुदा आणलाय?"

"नाही."

"ते वाक्य कोणी काढलं?"

वरच्या साहेबांचं नाव तिला सांगता आलं असतं. डोमाजींच्या पत्र्याचं माप सांगता आलं असतं. पण खोडलेल्या ओळीशेजारी सही होती आणि ती तिची होती.

"मी," ती म्हणाली.

"का?"

"मावलं नाही."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि टायपिस्टला सांगितलं, "लिहा. दुसरे वाक्य होते असे साक्षीदार म्हणते. सदर वाक्य भिंतीवर नाही हे म्हणणे खरे आहे. ते साक्षीदाराने स्वतः काढले हे म्हणणे खरे आहे."

ब्लाउज शेवटी आला. देवीलालजींनी तो दोन बोटांनी, चिमटीत, उचलून धरला.

"हा फाटलेला आहे का, मॅडम?"

"शिवलेला आहे. अहवालात आहे. निळा दोरा."

"मी विचारलं, फाटलेला आहे का."

"आता नाही."

"बस. आभारी आहे," देवीलालजी म्हणाले, आणि पाणी हवं का विचारलं.

बाहेर व्हरांड्यात मथुराबाई खांबाला टेकून बसली होती. सासू-सुनेची साक्ष होऊन गेली होती, तरी मथुराबाई प्रत्येक तारखेला एकटी येई. ममताला पाहून उठली.

"झालं का बाई बराबर?"

"झालं," ममता म्हणाली. शपथ आत घेतली होती. व्हरांड्यात ती लागू नव्हती.

"तुमी होत्या म्हणून. आपल्या होत्या म्हणून," मथुराबाई म्हणाली आणि बसस्टँडकडं निघाली.

निकाल सात महिन्यांनी लागला. तो आताच सांगून टाकलेला बरा, कारण त्यात वाट पाहण्यासारखं काही नव्हतं. पीडिता सुशिक्षित असून तिला शासनाच्या सूचनेची माहिती होती, तरी तिनं वागणूक त्याविरुद्ध ठेवली. वैद्यकीय साक्षीदाराच्या अभिप्रायात आणि तिनेच प्रसिद्ध केलेल्या सूचनेत सुसंगती नाही. सबब संशयाचा फायदा. गोपाल सुटला. निकालपत्राच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात भिंतींच्या मोहिमेला "स्तुत्य उपक्रम" म्हटलं होतं आणि तो इतर तालुक्यांतही राबवावा अशी शिफारस केली होती. शिफारस पाळली गेली. डोमाजींना नवा पत्रा कापावाच लागला नाही, जुनाच चालला. सदाशिवरावांनी गावाला पुरी-बुंदीचं जेवण दिलं आणि मथुराबाईच्या घरीही आमंत्रण पाठवलं, कारण त्यांच्या मनात काही नव्हतं. संघदीप पांढरकवड्याला ट्रकच्या गॅरेजात कामाला लागला आणि सणालाही येईनासा झाला. सून सासूजवळ राहिली. नळ होता तिथंच होता, आणि समोरची भिंतही.

पण हे सगळं पुढचं. मंगळवारी संध्याकाळी कोर्टातून परतताना ममताला एवढंच कळलं होतं की साक्ष टिकली नाही. ती बसमध्ये खिडकीशी बसून ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात छाप्यात बसवून पाहत होती. अक्षर थोडं बारीक केलं असतं तर मावलं असतं. वाचताही आलं असतं.

बुधवारी सकाळी ती दवाखान्यात पोचली तेव्हा तपासणीच्या खोलीबाहेर महिला कॉन्स्टेबल शीला उभी होती. शीला ममताच्याच प्रशिक्षणातून गेलेली, पहिल्या नंबरानं. चेहरा खुललेला.

"मॅडम, या वेळी एकदम परफेक्ट आहे. हातसुद्धा धुऊ दिला नाही."

"कधीची आहे?"

"रविवारी संध्याकाळची. रात्रीच ठाण्यात आली होती. सोमवारी सकाळी आणली होती, तुम्ही कोर्टात होत्या."

"बाकीचे डॉक्टर?"

"ते म्हणाले लेडी डॉक्टर येऊ द्या. काल पण आणली, काल पण तुम्ही नव्हत्या. मी घरी परत पाठवलं, पण नीट समजावून सांगून पाठवलं. तुम्ही शिकवलं तसं. अंग धुवायचं नाही, कपडे बदलायचे नाही, कोणी हात लावायचा नाही."

आत एक पोरगी बसली होती. एकोणीस-वीसची असेल. बाकड्याच्या अगदी टोकाला, भिंतीला न टेकता, आपला आपल्याला स्पर्श होऊ नये अशी. रविवारचेच कपडे. अंगाचा वास खोलीभर होता, आणि त्या वासात शेणाचा वास होता. तिची आई, रामीबाई, दाराबाहेर दोन हात लांब उभी होती.

"शेणाचा वास काहून येते, मावशी?" ममतानं विचारलं.

"गोठ्यात होती जी. माही सून म्हने, अशी घरात नाही पाहिजे, लेकरं हाये, देव हाये. मंग धुवाले तं पोलिसबाईनं मना केलं. मंग ठेवाव कुठं?" रामीबाई सरळ सांगत होती, जसं पावसात कडबा कुठं ठेवला हे सांगावं. "भाकर लांबून सरकवली."

"तीन रात्री गोठ्यात?"

"तीन रात्री. रडे मधामधात. मी बी नाही गेली जवळ. हात लावला तं पुरावा जाते म्हने."

शीला मान हलवत होती. सूचना इतक्या नीट पाळल्या गेल्याचं तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

ममतानं हात धुतले, मोजे चढवले. "हात लावू का?" तिनं विचारलं. पोरीनं आधी मोज्यांकडं पाहिलं. ममता थांबली. मग पोरगी म्हणाली, "लावान का खरंच?"

तपासणीला दीड तास लागला. इतका भरगच्च पुरावा ममताला चौदा वर्षांत मिळाला नव्हता. नखांखाली, कपड्यांवर, केसांत. सगळं जिथल्या तिथं, तीन दिवस जपून ठेवलेलं. तिनं पाकिटं भरली, इंदूबाईंनी लाख वितळवली, शिक्के उमटले, शीलानं सही केली. या प्रकरणात कोणत्याही वकिलाला आंघोळीवरून काही विचारता येणार नव्हतं. इंदूबाईंनी बिस्किटं दिली तर पोरीनं घेतली नाहीत. स्वतःच्या हाताकडं पाहिलं फक्त.

"झालं," ममता म्हणाली. "आता आंग धुता येते, बाई."

इंदूबाईंनी मागच्या न्हाणीत बादली भरली, गरम पाणी ओतलं, नवा साबण फोडला. पोरगी उठेना. ममता दाराशी गेली.

"मावशी, या आत. घ्या पोरीले जवळ."

रामीबाईनं विचारलं, "आता हात लावला तं चालते?"

"चालते. सगळं पाकिटात गेलं. आता काही नाही होत."

रामीबाई उंबऱ्यापर्यंत आली. पोरगी तिच्याकडं पाहत होती. रामीबाईनं पदर कमरेला खोचला, हात थोडा पुढं केला, आणि मग इंदूबाईंना म्हणाली, "तिले आधी तुमी धुऊन घ्या."